तीन ओळी तर आहेत, तूच लिही की!

एक वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं. "अरे, तीन ओळींचं तर फंक्शन आहे, तूच लिही की!"

कुठल्याही प्रोग्रॅमिंग लँग्वेजच्या कर्त्याधर्त्यांकडे जा आणि म्हणा, की बाबांनो, हे अमुक एक छोटंसं फंक्शन आम्ही सगळेच प्रत्येक प्रोजेक्टमध्ये नव्यानं लिहितो, तर ते एकदाचं स्टँडर्ड लायब्ररीत टाका. उत्तर ठरलेलं. तीन ओळी. तूच लिही. मग चर्चा बंद, आणि पुढची दहा वर्षं आपण आपले लिहितोय.

ज्यांचा या प्रकाराशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी: स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे भाषेबरोबर घरपोच येणारं सामान. ते वेगळं शोधावं लागत नाही, डाउनलोड करावं लागत नाही, ऑफिसच्या सिक्युरिटीवाल्यांची परवानगी लागत नाही. हेल्पर फंक्शन म्हणजे फार मोठं काही न करणारं, पण सतत हाताला लागणारं अवजार. स्ट्रिंगच्या सुरुवातीचा तुकडा काढ, यादीत अमुक आहे का बघ, दोन आकड्यांतला मोठा कोणता सांग. इतपत.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. ही छोटी अवजारं स्टँडर्ड लायब्ररीतच हवीत. आणि ती बाहेर ठेवायला "तीन ओळी" हे कारण देणं म्हणजे शुद्ध आळस आहे. ओळी मोजणं सोपं असतं म्हणून ओळी मोजतात, बाकी काही नाही.

आता उदाहरण. एका प्रोजेक्टमध्ये (कंपनीचं नाव विचारू नका) ग्राहकांच्या नावांची यादी होती आणि प्रत्येक नावाआधीचं "श्री " काढायचं होतं. भाषा पायथॉन. कुणीतरी एलस्ट्रिप नावाचं फंक्शन वापरलं. नावावरून वाटतं की डावीकडून दिलेला शब्द सोलून काढत असेल. तसं नाही! ते शब्द काढत नाही, दिलेल्या शब्दातली सुटी चिन्हं काढतं, डावीकडून, जोवर त्यातलं एखादं सापडतंय तोवर. आणि कॉम्प्युटरच्या लेखी "श्री" म्हणजे चार चिन्हं: श, पाय मोडल्याची खूण, र आणि दुसरी वेलांटी. टेस्टमध्ये नावं होती सुरेश, महेश आणि गणेश. तिघेही सुखरूप बाहेर आले. पास! मग खरी यादी आली आणि श्री रमेश यांचे झाले "मेश". श्री श्रीधर यांचे उरले "धर". आणि श्री शशिकांत यांचं जे झालं ते लिहून दाखवायलाही कीबोर्ड कुरकुरतो: "िकांत". बिनमालकाची वेलांटी आणि मागे कांत.

"डॉक्युमेंटेशन वाचायचं की मग!" असं म्हणणारे वाचकांत असणारच. बरोबर आहे, डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय. पण जगभरातली माणसं वर्षानुवर्षं तीच चूक करत असतील, तर दोष वाचणाऱ्याचा की तिथे ज्याची गरज होती ते अवजारच नव्हतं याचा? शेवटी पायथॉनवाल्यांनीच हे मान्य केलं. पीईपी ६१६ या प्रस्तावात कारण म्हणून हाच गोंधळ नोंदवलेला आहे, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ३.९ व्हर्जनमध्ये रिमूव्हप्रीफिक्स आणि रिमूव्हसफिक्स ही दोन फंक्शन्स आली. पायथॉन पहिल्यांदा बाहेर पडलं १९९१ साली. म्हणजे स्ट्रिंगच्या पुढचा तुकडा नीट काढायला एकोणतीस वर्षं!

बरं, ज्यांनी एलस्ट्रिप न वापरता खरोखर स्वतःच्या तीन ओळी लिहिल्या, त्यांचं काय? मागचा तुकडा काढण्याची नेहमीची युक्ती अशी: तुकड्याची लांबी मोजायची आणि शेवटून तेवढी चिन्हं कापायची. आता तो तुकडा चुकून रिकामा आला तर? लांबी शून्य. शेवटून शून्य कापायचं म्हणजे काहीच कापायचं नाही, असं तुम्हा-आम्हाला वाटतं. पायथॉनमध्ये मात्र उणे शून्य म्हणजे शून्यच, आणि "शून्यापर्यंतचं दे" म्हटल्यावर हातात येते रिकामी स्ट्रिंग. अख्खा मजकूर गुल. एरर नाही, वॉर्निंग नाही. स्टँडर्ड लायब्ररीतलं फंक्शन लिहिणाऱ्यांनी हा खड्डा आधीच पाहिला आणि त्यावर एक अट टाकून ठेवली. तुमच्या तीन ओळींत ती अट आहे का? बघून या, मी थांबतो. :-)

आता गंमत पुढे आहे. ज्या काळात "ही फंक्शन्स तुमची तुम्ही लिहा" चाललं होतं, त्या काळात याच स्टँडर्ड लायब्ररीत काय काय होतं? सन कंपनीच्या वर्कस्टेशनवरच्या ऑडिओ फाइल्स वाचायचं सामान होतं. यूजनेटवरच्या बातम्या आणायचं होतं. टेलनेट होतं. कॉर्पोरेट नेटवर्कवर युजरची नावं शोधायची सनचीच एक जुनी व्यवस्था होती, ती मी तरी कुठल्याही ऑफिसात चालू पाहिलेली नाही. पीईपी ५९४ नं अशा एकोणीस मॉड्यूल्सची यादी केली, तिला नावच दिलं "मेलेल्या बॅटऱ्या", आणि ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ व्हर्जनमध्ये ती सगळी काढून टाकली.

आपल्याकडे काही घरांत माळ्यावर पितळी बंब, तुटका पाळणा, कुणाच्या तरी लग्नात आलेले सहा लेमन सेट असं सगळं असतं आणि ओट्याशी सांडशी मात्र सापडत नाही. सून म्हणते, एक सांडशी आणूया. तर सासूबाई म्हणतात, कशाला, पदरानं धर की! तसलीच ही गत.

म्हणजे चुकलं कुठे? लायब्ररी छोटी ठेवावी या तत्त्वाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती छोटी ठेवताना चुकीच्या टोकाकडून कात्री लावली गेली. फाइल फॉरमॅट, नेटवर्कचे प्रोटोकॉल, कुठल्या तरी कंपनीचं हार्डवेअर या बाहेरच्या जगातल्या गोष्टी आहेत. त्या म्हाताऱ्या होतात आणि मरतात. स्ट्रिंगच्या पुढचा तुकडा काढणं ही भाषेच्या आतली गोष्ट आहे. ते १९९१ मध्येही तसंच होतं आणि २०९१ मध्येही तसंच असेल. जे टिकणार होतं ते बाहेर ठेवलं, जे नासणार होतं ते आत भरलं.

"पण तीन ओळींत चुकायला जागा किती असते?" भरपूर. बायनरी सर्च आपण सगळे कॉलेजात शिकलो, व्हायवात सांगितला, इंटरव्ह्यूला घोकून गेलो. मधला घटक काढायचा तर दोन टोकांची बेरीज भागिले दोन. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर लिहिलं, की जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीतला त्यांनी स्वतः लिहिलेला बायनरी सर्च सुमारे नऊ वर्षं चुकीचा होता. ॲरे प्रचंड मोठा झाला की ती बेरीज इंटिजरमध्ये मावत नाही आणि उणे होते. एका ओळीतली चूक, तीही मुरलेल्या माणसाची. लोक याचा अर्थ काढतात की बघा, स्टँडर्ड लायब्ररीतही चुका असतात. मी नेमका उलटा काढतो. ब्लॉकसारखा माणूस चुकला तर नाशकातल्या सर्व्हिस कंपनीत शुक्रवारी संध्याकाळी सहाला लिहिणारा माणूस चुकणार नाही? फरक इतकाच, की जावातली चूक एका जागी दुरुस्त झाली आणि सगळ्यांचीच झाली. ज्यांनी आपापला बायनरी सर्च घरी लिहिला होता, त्यांच्याकडे ती अजून सुखेनैव नांदत असेल.

याहून ताजं उदाहरण गो भाषेचं, आणि ते मला जास्त आवडतं. गोमध्ये स्लाइसमधून एक घटक काढायचा तर एका ओळीची प्रसिद्ध युक्ती होती, पुढचे घटक एक घर मागे सरकवायचे. ती सगळ्यांना पाठ. ऑगस्ट २०२३ मध्ये १.२१ व्हर्जनबरोबर स्लाइसेस नावाचं पॅकेज आलं आणि त्यात डिलीट फंक्शन आलं. "एका ओळीसाठी फंक्शन?" म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होतेच. पण त्या युक्तीत एक बारीक गोम होती. घटक मागे सरकले तरी शेवटच्या जागेत जुना पॉइंटर तसाच पडून राहायचा, त्यामुळे ज्या वस्तू आपल्या मते गेल्या त्यांची मेमरी मोकळीच व्हायची नाही. फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ मध्ये डिलीट स्वतःच ती मागची जागा पुसायला लागलं. ज्यांनी फंक्शन वापरलं होतं त्यांनी नवीन व्हर्जन घेतलं आणि काम झालं, अनेकांना काही दुरुस्त झालंय हे कळलंही नसेल. ज्यांनी एक ओळ हातानं लिहिली होती, त्यांनी आता ती ओळ कुठे कुठे लिहिलीय ते शोधत बसावं.

गोची आधीची कहाणी मात्र रडवणारी आहे. पहिलं पक्कं व्हर्जन मार्च २०१२ चं. दोन पूर्णांकांतला मोठा कोणता हे सांगणारं तयार फंक्शन १.२१ पर्यंत नव्हतं. अपूर्णांकांसाठी होतं, पूर्णांकांसाठी नाही! जेनेरिक्स नव्हते हे कारण खरं आहे, मला मान्य आहे. पण या अकरा वर्षांत झालं काय, तर प्रत्येक टीममध्ये "युटिल्स" नावाचं पॅकेज उगवलं. एका टीममध्ये मी एकाच कोडबेसमध्ये "यादीत हे आहे का" सांगणारी चार फंक्शन्स पाहिली आहेत. चार माणसं, चार नावं. एकात आधी यादी मिळते मग घटक, दुसऱ्यात उलटं. एक कॅपिटल-स्मॉल फरक मानतं, एक मानत नाही. नवीन आलेल्या फ्रेशरनं त्यातलं कुठलं वापरायचं? ती बिचारी पाचवं लिहिते. आणि रिव्ह्यूमध्ये तिलाच ऐकून घ्यावं लागतं, "हे आपल्याकडे आधीच आहे, शोधलं नाहीस का?" हा खर्च कुठल्याही प्रस्तावाच्या चर्चेत कुणी धरत नाही, कारण तो भाषा बनवणाऱ्यांच्या घरात होत नाही.

लेफ्ट-पॅडचं प्रकरण तर आता दंतकथाच झालंय. २२ मार्च २०१६. एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि त्या डेव्हलपरनं एनपीएमवरची आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस काढून घेतली. त्यात एक होतं लेफ्ट-पॅड, अकरा ओळींचं. स्ट्रिंग ठरावीक लांबीची होईपर्यंत डावीकडे भर घालायची, बस्स. बेबेल त्याच्यावर अप्रत्यक्ष अवलंबून, आणि बेबेलवर निम्मं जग. बिल्ड धडाधड पडले, सुमारे दोन तासांनी एनपीएमनं ते पॅकेज परत उभं केलं. या गोष्टीचं तात्पर्य सांगताना सगळे जावास्क्रिप्टवाल्यांना हसतात, अकरा ओळींसाठी डिपेंडन्सी घेतात म्हणे! मला हसू येत नाही. ती माणसं काय मागत होती? आकड्यापुढे शून्य लावून हवं होतं. भाषेनं दिलं नाही, म्हणून शेजाऱ्याकडून आणलं. पुढे ईएस२०१७ मध्ये पॅडस्टार्ट आलं आणि लेफ्ट-पॅडच्या पानावर "हे वापरू नका, पॅडस्टार्ट वापरा" अशी पाटी लागली.

सी भाषेत तर पंचवीस वर्षांचा वनवास. स्ट्रिंग कॉपी करताना जागा अपुरी पडली तर एसटीआरएनकॉपी शेवटचा शून्य लावतच नाही, आणि मग वाचणारा पुढच्या मेमरीत भटकतो. यावर उपाय म्हणून ओपनबीएसडीनं १९९८ मध्ये एसटीआरएलकॉपी आणलं. जीलिबसीवाल्यांनी ते नाकारलं, तेही बऱ्यापैकी तुसडेपणानं. मग काय, अनेक प्रोजेक्ट्सनी आपापली प्रत खिशात घालून फिरायला सुरुवात केली. शेवटी २०२३ साली जीलिबसी २.३८ मध्ये ते आलं.

आता समोरच्यांची बाजू. त्यांच्याकडे एक खणखणीत मुद्दा आहे आणि तो ओळींचा नाही. स्टँडर्ड लायब्ररीत गेलेली वस्तू परत काढता येत नाही. जावातला डेट हा क्लास १९९६ चा, त्यात जानेवारी म्हणजे शून्य. २०१४ मध्ये जावा ८ बरोबर चांगली पर्यायी व्यवस्था आली, तरी जुना क्लास अजून तिथेच बसून आहे, देशमुखांच्या वाड्यातल्या भाडेकरूसारखा. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टला ॲरेसाठी फ्लॅटन हे नाव हवं होतं. पण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीनं ते नाव आधीच वापरलेलं, जुन्या साइट्स मोडायला लागल्या, म्हणून शेवटी नाव ठेवलं फ्लॅट. आणि मी ज्याची बाजू घेतली ते एसटीआरएलकॉपी लिनक्स कर्नलनं आपल्याकडून २०२४ मध्ये काढूनच टाकलं, कारण ते मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचत बसतं. म्हणजे आत घेताना घाई केली तर पस्तावायची पाळी येते, हे खरंच आहे.

पण मग तसं म्हणा ना! "हे फंक्शन चुकीच्या आकाराचं आहे" म्हणा, "नाव पटत नाही" म्हणा, "कोपऱ्यातल्या केसेसमध्ये नक्की काय व्हावं ते अजून ठरलेलं नाही" म्हणा. त्यावर बोलता येतं. "तीन ओळी आहेत" यावर काय बोलणार? रस कॉक्स यांनी गोमध्ये स्ट्रिंग एका खुणेपाशी दोन तुकडे करणारं कट हे फंक्शन सुचवलं, तेव्हा गोच्याच कोडमध्ये हे काम हातानं किती ठिकाणी केलंय आणि त्यातलं किती यामुळे सोपं होईल हे मोजून दाखवलं. मार्च २०२२ च्या १.१८ मध्ये ते आलं. वाद असा घालावा. मी विचारीन ते इतकंच: हे भाषेच्या स्वतःच्याच गोष्टींबद्दल आहे का, लोक ते खरंच लिहितात का, आणि लिहिताना चुकतात का. एचटीटीपीची मोठी लायब्ररी माझ्या या चाळणीतून पडणार नाही. तिला बाहेरच राहू दे, तिथे ती भराभर बदलू शकते. "संख्या विषम आहे का" हे मात्र पडेल, हसू नका. सी, जावा, जावास्क्रिप्ट या सगळ्यांत उणे तीनला दोननं भागलं की बाकी उणे एक येते, त्यामुळे "बाकी एक आहे का" असं विचारणारा कोड उण्या संख्यांना विषम मानतच नाही. स्विफ्टनं २०१९ मध्ये "अमुकच्या पटीत आहे का" विचारणारं फंक्शन भाषेतच घेतलं ते उगाच नाही.

हल्ली एक नवा युक्तिवाद निघालाय. म्हणे आता तीन ओळी लिहायलाही माणूस लागत नाही, एआय असिस्टंट लिहून देतो, मग लायब्ररीत कशाला? अहो, त्यानं तर रोग वाढला. पूर्वी एका टीममध्ये चार प्रती होत्या कारण माणसाला पाचवी लिहायचा कंटाळा यायचा. आता प्रत्येक फाइलमध्ये ताजी प्रत, प्रत्येक वेळी थोडी वेगळी, आणि टेस्टमध्ये नावं बहुतेक जॉन आणि ॲलिस.

आणि या जॉन-ॲलिसचा फटका आपल्याला बसतो. आमच्या एका प्रॉडक्टमध्ये रिपोर्टच्या कॉलमसाठी नाव आठ अक्षरांत कापणारं फंक्शन आहे, शॉर्टनेम. लिहिणाऱ्यानं इंग्रजी नावांवर तपासलं, छान चाललं. त्यात "ज्ञानेश्वर" गेलं की "ज्ञानेश्" बाहेर येतं, पाय मोडून. तुम्ही-आम्ही मोजलं तर ज्ञानेश्वर चारच अक्षरांचं नाव आहे: ज्ञा, ने, श्व, र. आठात आरामात बसायला हवं. पण कोड चिन्हं मोजतो आणि ती होतात दहा. वाचणाऱ्याच्या डोळ्याला जे एक अक्षर दिसतं ते ओळखायचे नियम युनिकोडमध्ये आहेत, आणि ते काही तीन ओळींचे नाहीत. त्या नियमांनुसारसुद्धा बरीच वर्षं ज्ञानेश्वर सहा अक्षरी होता, कारण जोडाक्षर मधोमध तुटायचं. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम आला आणि तेव्हा कुठे तो चार अक्षरी झाला. स्विफ्टनं अक्षर ही कल्पना भाषेतच ठेवली आहे. जावास्क्रिप्टमध्ये सेगमेंटर नावाची सोय आहे, ती २०२४ मध्ये फायरफॉक्सनंही घेतल्यावर सगळ्या मुख्य ब्राउझर्समध्ये पोचली. तिथे असे नियम बदलले की व्हर्जनबरोबर आपसूक येतात, ॲप लिहिणाऱ्याला जोडाक्षर म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी.

आमचं शॉर्टनेम बदलायचं म्हणून मी गेल्या महिन्यात टिकीट टाकलंय. प्रायॉरिटी लो लागली आहे. खाली एकानं लिहिलंय, "छोटंसं फंक्शन आहे, वेळ मिळेल तेव्हा बघू." तोवर कॉलममध्ये पाय मोडलेला श् आहे.